इल्लै राव

कुंभकोणमच्या बाजारात त्यांना सगळे इल्लै राव म्हणत. इल्लै म्हणजे तमिळमध्ये ‘नाही’. कुणी रुमालाची गाठ सोडून, कुणी आजोबांच्या ट्रंकेतून काढून जुनं मनगटी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवायचं आणि आशेनं विचारायचं, राव, सोन्याचं आहे ना? इल्लै. मग स्विस तरी आहे ना? इल्लै. बरं, आतलं यंत्र तरी मूळचं? इल्लै. तीन प्रश्नांत माणसाचा चेहरा उतरायचा आणि घड्याळ पुन्हा रुमालात जायचं. आमच्या इथल्या मराठी घरांपैकी कोणी गेलं तर तेच उत्तर मराठीत मिळायचं, ‘नव्हे’. आपलेपणाचा लाभ काय तो एवढाच.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. मी त्यांना मामा म्हणायची. मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या आमच्या घरांमध्ये लग्नं इतकी आतल्या आत झाली आहेत, की नातं काढायला बसलं तर कोणीही कोणाचा मामा निघतो. हे तर माझ्या आईचे मावसभाऊ, म्हणजे जवळचेच. मी इथल्या मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, म्हणून ते मला ‘टीचर’ म्हणत, आणि त्या हाकेत कौतुकापेक्षा खोच जास्त असे. ही जी मराठी मी लिहिते आहे ती मासिकं वाचून कमावलेली आहे. घरात आम्ही बोलतो ती निराळी, जुन्या वळणाची, तमिळ शब्दांनी भरलेली. पुण्याहून आलेली माझी सून ती ऐकून अजून हसू दाबते. मामांना मात्र घरची एकच मराठी येत होती आणि तिच्यावर त्यांचं भागत होतं.

दुकान म्हणजे पितळी भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मांडलेलं एक टेबल आणि त्यावर काचेची पेटी. मागे दिवसभर हातोड्या चालायच्या. त्या ठणठणाटात मामा घड्याळ एका कानाला लावत, दुसऱ्या कानात बोट घालत आणि डोळे मिटून घेत. मग अंगठा कडांवरून फिरे. कडा गुळगुळीत लागल्या की समजायचं, कुणी हौशीनं पॉलिश करून आणलंय. नंतर मागचं झाकण उघडायचं. जुन्या घड्याळाच्या झाकणाला आतून बारीक ओरखडे असतात. ज्या ज्या कारागिराने ते दुरुस्त केलं त्याने सुईने कोरलेली आपली खूण, कुणाची तारीख, कुणाच्या गावाचं नाव. मामा त्याला घड्याळाचं जातक, म्हणजे जन्मपत्रिका, म्हणत आणि डोळ्याला भिंग लावून ते सावकाश वाचत. तबकडी बघायची ती सगळ्यांत शेवटी. तोंड पाहून सोयरीक करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाही म्हणायचे पैसे ते घेत नसत. वस्तू खरी निघाली, तिची किंमत सांगितली, तरच पन्नास रुपये. असा माणूस बाजारात बसून काय मिळवणार, हे कुणालाही कळेल. मामीने आयुष्यभर शिलाई मशीन चालवलं आणि एकदा मला सांगितलं, की तुझ्या मामांनी दिवसातून एकदा तरी ‘हो’ म्हणावं म्हणून मी स्वामीमलैच्या देवाला नवस बोलले होते. मामी गेली तरी नवस फिटला नव्हता. अलीकडे लोक फोनवर फोटो काढून आणू लागले. मामा तो फोन दोन बोटांनी परत सारायचे आणि म्हणायचे, “फोटोला नाडी नसती.”

त्यांचा खरा राग होता तो रंगावर. आमच्या गावाला जुनी गोष्ट जुनी दिसलेली खपत नाही. बारा वर्षं झाली की देवळाच्या गोपुराला नवा रंग, पोंगलला घराला रंग, बैलाच्या शिंगांना रंग. त्याच हौशीनं लोक बापाच्या घड्याळाची तबकडी रंगवून आणत. थोडी पिवळी पडली, एक डाग आला, की द्या रंगाऱ्याकडे. तो जुनं सगळं खरवडून वर पांढरा रंग मारी आणि आकडे, नाव, सगळं नव्याने काढून देई. घड्याळ लखलखीत होई आणि त्याची किंमत तिथेच संपे. सहा वाजण्याच्या खुणेखाली अगदी काठाला दोन बारीक शब्द असतात, कुठे बनलं ते सांगणारे. रंगाऱ्याच्या हातून ते फुगतात, नाहीतर गळतात. मामांनी असे इतके रंगवलेले चेहरे पाहिले होते, की स्वच्छ तबकडी दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांचं एक वाक्य बाजारात पाठ झालं होतं. “घड्याळ खोटं नसतं, टीचर. त्याजबरोबर येती ती कथा खोटी असती.”

या वाक्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. माझे अप्पा कलेक्टर कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले त्या दिवशी संध्याकाळी ते हातात सोनेरी घड्याळ घालून आले आणि कलेक्टरसाहेबांनी भेट दिलं म्हणून आम्हा भावंडांना दाखवलं. पुढे पंधरा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते घड्याळ बघावं लागे. अप्पा गेल्यावर मी ते मामांकडे नेलं. विकायचं नव्हतं; कलेक्टरने दिलेली वस्तू काय मोलाची आहे ते ऐकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत ऐकायचं होतं. मामांनी कान लावला, अंगठा फिरवला, झाकण उघडलं, तबकडी पाहिली आणि सगळ्या ओट्यासमोर म्हणाले, “नव्हे. पोट दुसऱ्या घड्याळाचं, तोंड तीनदां रंगवलेलं. कलेक्टर अस्कं देईल, टीचर, हें देणार नाहीं.” अस्कं म्हणजे सगळं. मी घड्याळ उचललं आणि दीड वर्षं त्यांच्याशी बोलले नाही.

घरी येऊन मी आईपुढे मामांना लाख बोलले. आईने ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग जवळ बसवून सांगितलं. कलेक्टरने अप्पांशी फक्त हात मिळवला होता. घड्याळ अप्पांनी आदल्या आठवड्यातच मद्रासच्या जुन्या बाजारातून आणून कपाटात ठेवलं होतं. छत्तीस वर्षं नोकरी करून रिकाम्या हाताने पोरांपुढे कसं जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे कुणाला सांगू नकोस, असं आईने माझ्याकडून वचन घेतलं. मी ते पाळलं. मामांनाही कधी सांगितलं नाही की तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या लेखी या गावात शब्दाचा पक्का माणूस एकच, आणि तो माझ्या बापाला खोटं पाडणारा.

रुसवा काढायला शेवटी मीच गेले. निवृत्त झाल्यावर तर दुपारचं जेवण झालं की मामांच्या ओट्यावर जाऊन बसायची सवय झाली. घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा ते बरं. त्याच काळात माझ्या लक्षात आलं, की मामा कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना धार बाहेर जाऊ देतात. झाकणावरची खूण आली की म्हणत, “तूं वाच गो, तुजा चष्मा नवा आहे.” मी वाचायची. माझा चष्मा सहा वर्षांचा होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं, आणि दोघंही त्याविषयी बोलत नव्हतो. मी एकदा डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, घड्याळवाल्याच्या डोळ्याला सुरी लागली हे बाजारात समजलं तर टेबल उचलावं लागेल. मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

एका सकाळी तिरुप्पनंदाळहून एक बाई आल्या. कामाक्षी अम्मा म्हणून, सत्तरीच्या, सोबत मोठा मुलगा. त्यांचे यजमान तविल वाजवायचे. आमच्याकडे लग्नात नादस्वराबरोबर जो मोठा ढोल वाजतो तो तविल. चाळीस वर्षांपूर्वी ते कोलंबोला एका लग्नात वाजवायला गेले होते. तिथे एका चहामळेवाल्याने त्यांचं वाजवणं ऐकलं आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधलं, अशी त्यांनी घरात सांगितलेली हकिगत. मुलांचा तिच्यावर कधी विश्वास बसला नाही. तुम्ही फुटपाथवरून घेतलं असेल, असं ते बापाच्या तोंडावर म्हणत आणि तो माणूस पान चघळत गप्प बसे. आता तो गेला होता. विकायचंय का, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, नाही, फक्त खरं काय ते सांगा.

घड्याळ जुनं होतं, पण तबकडी काल केल्यासारखी स्वच्छ. पट्टा तेवढा विचित्र, तविलच्या जाड कातड्यातून कापून हाताने शिवलेला. मामांनी नेहमीचे सगळे विधी केले. झाकण उघडून पाहिलं. त्या दिवशी मात्र ते मला ‘तूं वाच’ म्हणाले नाहीत. परक्या बाईसमोर त्यांना ते नको वाटलं असेल. तबकडी त्यांनी डोळ्याजवळ धरली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली आणि म्हणाले, इल्लै. रंगवलेली आहे. मुलाने आईकडे पाहिलं आणि मान हलवली. बाईंनी हात पुढे केला. घड्याळ परत देताना ते क्षणभर माझ्या हातात होतं, आणि सहाच्या खालची ती बारीक अक्षरं मला सुईच्या टोकासारखी रेखीव दिसली होती. पण मी शाळामास्तरीण, मला काय कळतंय, असं म्हणून मी ते बाईंच्या हातात ठेवलं.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मामा जिन्यावरून पडले आणि दवाखान्यात डोळ्यांची गोष्ट आपोआप उघडी पडली. माझ्या मुलाने मुंबईहून फोनवर असा काही दम दिला की मामा मुकाट्याने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून आले. पट्टी निघाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “टीचर, तूं बहुत म्हातारी झालीस.” आम्ही दोघंही हसलो. बाजारात कुणाचं काही बिघडलं नव्हतं, टेबल होतं तिथेच होतं. एवढ्यासाठी तीन वर्षं लपवलं, म्हणून मी त्यांना थोडं टोचलंसुद्धा.

मग सेल्वम आला. हा जुन्या वस्तूंचा व्यापारी. देवळांच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, लोक पैशांबरोबर अंगठ्या टाकतात, घड्याळं टाकतात. जी वस्तू घरात ठेवायची नाही आणि फेकायचीही नाही, ती आमच्याकडे हुंडीत जाते. वर्षाकाठी देवस्थानं त्यांचा लिलाव करतात आणि सेल्वम गठ्ठ्याने विकत घेतो. त्याने तीसेक घड्याळं मामांच्या टेबलावर ओतली. मामा तांदूळ निवडावेत तशी एकेक बाजूला सारू लागले, इल्लै, इल्लै, इल्लै. आणि त्या ढिगातून तो कातड्याचा हाताने शिवलेला पट्टा वर आला. मी ओळखला. मामांनीही ओळखला, कारण त्यांचा हात थांबला.

या वेळी त्यांनी कान लावला नाही की अंगठा फिरवला नाही. सरळ झाकण उघडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग झाकण माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला तमिळ अक्षरांत एक ओरखडा होता, कोळुंबु, म्हणजे कोलंबो, आणि शेजारी साल. बाईंचे यजमान तिकडे गेले त्याच्या दोन वर्षं आधीचं. घड्याळ आधीपासून त्याच गावात कुणाच्या तरी हातावर होतं. तबकडी रंगवलेली नव्हती. वाजवायला बसण्याआधी तो माणूस ते काढून फडक्यात गुंडाळून ठेवत असणार, म्हणून तिला ऊन लागलं नव्हतं, धक्का बसला नव्हता. आणि इतकं मोलाचं घड्याळ तविलवाल्याला फुटपाथवर मिळालं नसतं. कथा अक्षरशः खरी होती.

सेल्वमला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामांनी इल्लै म्हटलं असतं तर त्याने ते बाकीच्या ढिगात टाकलं असतं आणि मी हजार-दोन हजाराला उचलून दुपारच्या बसने तिरुप्पनंदाळला पोचवलं असतं. मी टेबलाखालून मामांचा गुडघा दाबला. एकदा नाही, तीनदा दाबला. मामांनी भिंग काढलं, सेल्वमकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमां.” होय. वीस वर्षांत मी हा शब्द त्यांच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकला होता. दीड लाखाच्या खाली देऊ नकोस, असंही त्यांनी सांगितलं. मग त्याला घड्याळाची सगळी गोष्ट सांगितली. सेल्वम वाईट माणूस नाही, पण व्यापारी आहे. देवाच्या लिलावाची पावती माझ्याकडे आहे राव, मी काय करू, असं म्हणाला. पन्नासाची नोट पुढे केली. मामांनी ती घेतली नाही. त्याऐवजी मला म्हणाले, झाकणाच्या आतला फोटो काढून घे. फोटोला नाडी नसते म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा फोटो मागितला.

सेल्वम गेल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले. एका म्हाताऱ्या बाईची वस्तू हातात आली होती, ती आपण होऊन घालवलीत. एक खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? तुमच्या खरेपणाची किंमत नेहमी दुसऱ्यांनीच का मोजायची? मामीचंही नाव घेतलं मी. मामा काचेची पेटी पुसत बसले होते. माझं संपल्यावर म्हणाले, “एक खोटं इल्लै मी सांगून चुकलों. त्याजवर दुसरं कशास?” मग म्हणाले, “तिनं घड्याळ नव्हतं मागितलं, टीचर. खरं मागितलं होतं.” आणि मी त्या दिवशी ती अक्षरं पाहूनही गप्प बसले होते, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. ते नुसतं बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिरुप्पनंदाळला गेलो. बाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही, तविलवाल्यांचं घर म्हटल्यावर कुणीही दाखवलं. बाईंनी चटई घातली, पाणी आणलं. मामा बसले नाहीत, पाण्याला हात लावला नाही. उभ्या उभ्याच तमिळमध्ये म्हणाले, अम्मा, मी चुकलो. माझे डोळे गेले होते आणि मी ते लपवलं. तुमचे यजमान खरं सांगत होते. मी फोनवरचा फोटो दाखवला, तो ओरखडा वाचून दाखवला, साल सांगितलं. बाईंनी आत झोपलेल्या मुलाला उठवून आणलं आणि मामांना म्हणाल्या, पुन्हा सांगा. मामांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मुलगा फोन हातात घेऊन ते अक्षर मोठं करून करून बघत राहिला.

घड्याळ आता कुठे आहे, तेही मी सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमच्याकडून आलो त्याच आठवड्यात मीच ते हुंडीत टाकलं, देवाला दिलेलं परत मागू नये. मामा हात जोडून म्हणाले, की माझ्या एका शब्दाने तुमच्या यजमानांना घरात खोटं ठरवलं. बाईंनी भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “राव, तुम्ही एकदा बघून नाही म्हणालात. मी चाळीस वर्षं न बघताच मनात नाही म्हणत होते.” निघताना त्यांनी आम्हाला ताक दिलं आणि ते मामांनी उभ्याने संपवलं.

मला वाटलं होतं, मनावरचा दगड उतरला. पण मामा त्या दिवसापासून खचले. शेवटच्या तीन वर्षांत ज्यांना नाही म्हटलं, त्यांतले आठवतील तेवढे त्यांनी शोधून काढले आणि बसने, रिक्षाने घरोघर फिरून ती घड्याळं पुन्हा पाहिली. मी सोबत असायची, कारण एकट्याला सोडवत नव्हतं. वल्लम, पापनाशम, शेवटी तिरुवलंचुळीला एका निवृत्त पोस्टमास्तरकडे. अकरा घड्याळं झाली. एकही ‘नाही’ चुकलेलं नव्हतं. लोक उगाच दोनदा दुखावले गेले, एवढंच. येताना स्वामीमलैच्या थांब्यावर बस यायला तासभर लागला. मामा पायरीवर बसून होते आणि मला पहिल्यांदा ते ऐंशीचे दिसले.

ओट्यावर परतल्यावर त्यांची भाषाच बदलली. कुणी घड्याळ पुढे ठेवलं तर म्हणायचे, असेल. सांगता येत नाही. चेन्नैला दाखवा. डोळे आता स्वच्छ होते, कान जागेवर होता, अंगठा जागेवर होता, पण शब्द गेला होता. रंगवलेली तबकडी घेऊन एक पोरगा आला, रंग आंधळ्यालाही कळला असता, आणि मामा त्याला म्हणाले, मूळचीही असू शकेल. भांडीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, टीचर अम्मा, इल्लै रावांना काय झालंय? मला रात्री झोप लागेना. हा माणूस माझ्या बापाला तोंडावर नाही म्हणाला होता, त्या एका ‘नाही’वर मी वीस वर्षं भार टाकून उभी होते, आणि आता तो पोराला बरं वाटावं म्हणून ‘असेल’ म्हणत होता.

शेवटी मी अप्पांचं घड्याळ कपाटातून काढलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खरं काय ते जगात मला एकटीला ठाऊक होतं. दुपारी ओट्यावर जाऊन मी ते मामांपुढे ठेवलं आणि म्हटलं, “मामा, बाकीच्यांची पुन्हा पाहिलीत, आमचं राहिलं.” त्यांनी घड्याळ ओळखलं. माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची, की आता हे म्हणतील, असेल, टीचर, कलेक्टराचं असेल. म्हाताऱ्या भाचीला म्हणायला काय जातंय?

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. बंद होतं, तरी लावलं. कडांवरून अंगठा फिरवला. झाकण उघडलं, भिंग लावलं, आतले सगळे ओरखडे वाचले. तबकडी उन्हाकडे धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मागे हातोड्या चालू होत्या.

“नव्हे,” मामा म्हणाले. “पोट दुसऱ्याचं, तोंड तीनदां रंगवलेलं. तेव्हां सांगितलं तेंच.”

“ठाऊक आहे, मामा,” मी म्हटलं. “अप्पांनी मद्रासच्या बाजारातून घेतलं होतं. अम्मानं तेव्हांच सांगितलं मज.”

“मग आज आणलंस कशास?”

माझ्या बापाचं घड्याळ दुसऱ्यांदा खोटं ठरलं होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आयुष्यात मला मिळालेल्या कुठल्याही होकाराने असं वाटलं नव्हतं. मामांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच माझ्याकडे पाहिलं. ते समजले, हे मला समजलं. तेवढ्यात एक बाई पिशवीतून घड्याळ काढत पुढे आली आणि विचारू लागली, राव, हे सोन्याचं आहे ना? मामांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, इल्लै, आणि भांडीवाल्याची हातोडी मध्येच थांबली.

मागच्या वर्षी मामा गेले. त्या ओट्यावर आता मोबाइलची कव्हरं विकतात. अप्पांचं घड्याळ मी रोज हातात घालते. कुणी विचारलं तर मद्रासच्या जुन्या बाजारातलं म्हणून सांगते. त्या दुपारी ते परत देण्याआधी मामांनी त्याला सावकाश किल्ली दिली, कानाला लावलं, दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “चालतें मात्र बरं.”